पाहुणा, साहेब आणि दलम: आपल्या जंगलातल्या मुक्कामाचा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

भामरागडकडचे रस्ते जसजसे सुधारले तसतसा एक प्रश्न वाढत चालला आहे. पुण्या-मुंबईहून, आणि आपल्या नागपूरहूनही, कोणीतरी विचारतं, "दादा, हेमलकशाकडे यायचंय. लॉज नको. एखाद्या माडिया घरात दोन रात्री राहता येईल का? ऐकलंय ते लोक पैसे घेत नाहीत."

विचारणारी पोरं वाईट नसतात. त्यांना खरंच माणसं बघायची असतात, नुसता वाघ नाही. आणि त्यांनी जे ऐकलंय ते खोटंही नाही. माडिया गावात संध्याकाळी पोहोचलेल्या माणसाला पाणी मिळतं, निजायला जागा मिळते, जे शिजलं असेल ते मिळतं, आणि सकाळी कोणी बिल पुढे करत नाही. पण "पैसे घेत नाहीत" एवढंच वाक्य घेऊन कोणी निघाला की मला धास्ती वाटते. कारण या जंगलात फुकट जेवून गेलेल्यांचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातले सगळे पाहुणे नव्हते.

परक्या गावात परक्याच्या घरी फुकट राहणं ही हल्ली जगभर चळवळ झाली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 साली डेन्मार्कमध्ये काही शांततावादी तरुणांनी 'सर्वास' नावाची संघटना सुरू केली. एकमेकांच्या घरी राहिलं तर युद्धं कमी होतील अशी त्यांची भाबडी पण चांगली समजूत होती, आणि तीवर गांधींची छाप होती. 2004 साली 'काउचसर्फिंग' नावाची वेबसाइट आली आणि लाखो लोक एकमेकांच्या सोफ्यावर झोपू लागले. 2020 च्या मे महिन्यात तिने सदस्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा बरीच रडारड झाली. आपल्याकडे असली नोंदणी कधी लागली नाही. आपल्याकडे सोयरीक होती, मंडई होती, गोटूल होतं.

आधी इकडच्या, म्हणजे ब्रह्मपुरी, वडसा, सिंदेवाही, मूल अशा धानाच्या पट्ट्यातलं सांगतो. दिवाळी झाली की मंडया सुरू होतात. गावात मंडई म्हणजे त्या दिवशी घरोघरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, जावयाचा चुलतभाऊ येतो, त्याच्याबरोबर त्याचा दोस्त येतो. वडश्याच्या नाटक कंपन्या ठरलेल्या असतात. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. लोक त्याला हौस म्हणतात. माझा अंदाज असा, की यात हौसेइतकीच सोय आहे. दहा-बारा कोसांवरून बैलगाडीने आलेल्या माणसाने मध्यरात्री जायचं कुठे? नाटकच पहाटेपर्यंत लांबवलं की झोपण्याचा प्रश्न मिटला. ज्यांना झोपायचं त्यांच्यासाठी ओसरीवर, पडवीत, खळ्यावर तणसावर जागा असतेच. या गर्दीत लग्नं जुळतात, बैल विकले जातात, जुनी भांडणं मिटतात, नवी सुरू होतात.

हे फुकट असतं का? आपल्यापैकी ज्यांनी मंडईच्या आदल्या दिवशी आईला पायली-पायलीने तांदूळ निवडताना बघितलंय ते हो म्हणणार नाहीत. यंदा ते आमच्याकडे, पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावची मंडई, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे. हिशेब असतो, फक्त वहीत नसतो. वरातीचा जानोसा तसाच. एसटीची मुक्कामी गाडी तशीच. शेवटच्या गावात रात्रभर थांबणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरला कितीतरी गावांनी वर्षानुवर्षं जेवू घातलं. पण ती गाडी सकाळी गावच्या पोरांना शाळेत आणि पेशंटला दवाखान्यात नेत होती, हे गावाला नीट माहीत होतं. पर्लकोटेच्या पुरात अडकलेल्या प्रवाशाला भामरागडमधल्या घरांनी ठेवून घेतलं तेव्हाही कोणी दर विचारला नाही. आज तू अडकला, उद्या मी.

आता नदीपलीकडे, खऱ्या जंगलात जाऊ.

गोटूल हा शब्द निघाला की शहरी माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळंच हसू येतं. त्याला कारण आहे. व्हेरियर एल्विन यांनी 1947 साली बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातलं तरुण मुला-मुलींचं प्रकरण तेवढं जगाने वाचलं, बाकीची शेकडो पानं सोडून दिली. पण मुरिया वेगळे आणि आपल्याकडचे माडिया वेगळे. एल्विनच्या आधी, 1938 साली डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी बस्तरच्या मारियांवर लिहिलं. त्यात पहाडी मारियांचं घोटुल दिसतं ते गावातल्या पोरांच्या निजण्याचं आणि आल्यागेल्याच्या मुक्कामाचं ठिकाण म्हणून. आपल्या भामरागड-एटापल्लीकडचं गोटूल याच कुळातलं. गावाची बैठक तिथे, न्यायनिवाडा तिथे, पेरणीचा आणि सणाचा दिवस ठरतो तो तिथे, आणि परका माणूस आला की त्याची खाट पडते तीही तिथेच.

आता यातली गंमत बघा. पाहुणा गोटूलात उतरला म्हणजे तो एका घराचा पाहुणा होत नाही, गावाचा होतो. आपल्याकडे पाहुणा दारात येतो आणि त्या घराला त्याला घ्यावंच लागतं, मग घरात दाणा असो की नसो. तिथे सगळ्या गावाला दिसतं की कोण आलंय, कुठून आलंय, कशासाठी आलंय. पोरं लाकडं आणून शेकोटी पेटवतात. म्हातारे येऊन बसतात, तंबाखू देतात-घेतात, विचारपूस करतात. ही विचारपूस म्हणजे चौकशीच असते, फक्त गोड आवाजात. कोणाच्या घरून भात, कोणाकडून भाजी, कोणाकडून आंबील असं येतं. कोणा एकावर ओझं पडत नाही. आणि पाहुणा लबाड निघाला तर सगळ्या गावाने त्याला बघितलेलं असतं.

एक गोष्ट मात्र या वर्णनांतून नेहमी सुटते. गोटूलात बसणारे, बोलणारे बहुतेक ठिकाणी पुरुष. धान कांडणारी, पाणी आणणारी, चुलीपुढे बसणारी बाई तिथे नसते. पाहुणचाराची कीर्ती गावाची, कष्ट तिचे. हे आपल्या मंडईलाही लागू आहे, म्हणून माडियांकडे बोट दाखवायचं कारण नाही.

तर गोटूलाचा मुक्काम हा असा: फुकट, पण गावाच्या नजरेखाली आणि गावाच्या मर्जीने. ही मर्जी लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास ती मोडली जाण्याचा आहे.

1858 सालापासून सुरुवात करू. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. आरपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना मिळाले. 29 एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुडीच्या तळावर तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले. त्यानंतर चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याला बाबुराव कसेही करून हवे होते. पण जंगलात लपलेला माणूस फौजेला सापडत नाही, कारण त्याला गावं जेवू घालत असतात. शेवटी क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांना हाताशी धरलं आणि सप्टेंबरात बाबुराव पकडले गेले. आपल्या भागात ही गोष्ट अशी सांगतात, की त्यांना जेवायला बोलावलं आणि ते हात धूत असताना धरलं. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पुढे आरपल्ली-घोटची जमीनदारी अहेरीला बक्षीस मिळाली.

जेवणाचा तो तपशील कागदावर किती टिकेल हे इतिहासकार बघतील. पण लोकांनी दीडशे वर्षं तोच तपशील जपून ठेवला, याचा अर्थ लोकांना फितुरीपेक्षाही जास्त काय टोचलं ते कळतं. ताटावर बोलावून धरणं. व्यंकटराव मात्र बस्तरात निसटले आणि 1860 पर्यंत हाती लागले नाहीत. दोन पावसाळे. त्या काळात त्यांना कोणत्या गोटूलाने आसरा दिला, कोणाच्या चुलीवर त्यांचा भात शिजला, त्या लोकांची नावं कोणत्याही कागदात नाहीत. शेवटी त्यांनाही बस्तरच्या राजानेच धरून दिलं, गावांनी नाही.

नंतर आली साहेबांची राजवट, आणि तिच्याबरोबर आला 'दौरा'. हिवाळ्यात जिल्ह्याचा साहेब तंबू घेऊन गावोगाव फिरायचा. कागदावर ही गोष्ट छान दिसते. अधिकारी लोकांमध्ये राहतो, त्यांचं ऐकतो, झाडाखाली खुर्ची टाकून न्याय देतो. आजही काही निवृत्त लोक तो काळ आठवून उसासे टाकतात. पण साहेब एकटा यायचा नाही. कारकून, चपराशी, खानसामा, घोडेवाला, शिपाई, आणि त्यांचे घोडे-बैल. एवढ्या सगळ्यांची रसद गावाने पुरवायची. कोंबड्या, अंडी, दूध, तूप, लाकूड, गवत. सामान पुढच्या मुक्कामी वाहून न्यायला माणसं. ते ओझं म्हणजे बिगार. कोतवाल आदल्या दिवशी घरोघर फिरून सांगायचा की उद्या साहेबाचा कॅम्प आहे, आणि लोकांच्या पोटात गोळा यायचा. रसदीचे पैसे द्यावेत असे सरकारी हुकूम असायचे. पण साहेबाने दिलेला रुपया चपराशाच्या हातून खाली येईपर्यंत त्याचं काय व्हायचं, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आज घरकुलाचा हप्ता कसा येतो ते बघितलंय आपण.

साहेब वर्षाकाठी एकदा यायचा, जंगलचा गार्ड महिन्याला यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलं राखीव होत गेली तशी ज्या झाडाखाली आजोबा जन्मले त्या झाडाची फांदी तोडणं गुन्हा झालं. मग गार्ड आला की कोंबडी कापायची, मोहाची काढायची, त्याला खाटेवर बसवायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, वा, काय पाहुणचार! साहेबांनीही आपल्या टिपणांत हे लोक किती अगत्यशील आहेत असं कौतुकाने लिहिलं असेल तर मला नवल वाटणार नाही. खालचा माणूस घाबरून देतो आणि वरचा माणूस त्याला अगत्य समजतो, हा आपल्या देशातला जुना रोग आहे.

1910 च्या फेब्रुवारीत बस्तर पेटलं. त्याला भूमकाल म्हणतात. गुंडाधूर हे त्यातलं मोठं नाव. आंब्याची डहाळी आणि मिरच्या गावोगाव फिरवून उठावाचा सांगावा दिला गेला. कारणं शोधली तर राखीव जंगल आहे, राजवाड्यातले डाव आहेत, आणि त्यांच्या बरोबरीने आहे बिगार आणि फुकटात उकळलेली रसद. म्हणजे जे लोक परक्याला स्वतःहून जेवू घालतात, तेच लोक जबरदस्तीच्या जेवणावरून हत्यार उचलतात. इंद्रावतीच्या त्या काठावर हे झालं आणि या काठावर आपले माडिया राहतात. नदी जिल्हा वेगळा करते, नातीगोती नाही.

देश स्वतंत्र झाला. 26 जानेवारी 1950 पासून लागू झालेल्या संविधानाच्या कलम 23 ने बिगार बंद केली. त्या कलमाच्या इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हाच आपला शब्द आहे. त्यांना इंग्रजीत त्याच्या तोडीचा शब्द सापडला नसावा. 1951 मध्ये मालगुजारी आणि जमीनदारी गेली. पण रसदीची सवय कलमाने जात नाही. टेरिकॉटचा शर्ट घातलेले नवे साहेब जीपमधून आले आणि त्यांनाही कोंबडी लागली.

इथे थोडं थांबून शेजारच्या वर्ध्याकडे बघू. विनोबा पवनारहून निघून वर्षानुवर्षं देशभर पायी फिरले आणि रोज वेगळ्या गावी मुक्काम केला. 1962 साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अणुबॉम्बविरुद्ध दिल्लीहून पायी निघाले ते वॉशिंग्टनपर्यंत गेले. विनोबांनी त्यांना सल्ला दिला होता, पैसे जवळ ठेवू नका. मला हा सल्ला बराच काळ संतांची लहर वाटायचा. पण त्यात व्यवहार आहे. खिशात पैसा नसलेला माणूस दारात उभा राहिला की वरचा हात घरवाल्याचा असतो. तो नाही म्हणू शकतो. बंदूक, शिक्का किंवा वर्दी घेऊन जो येतो त्याच्यापुढे घरवाल्याला 'नाही' हा शब्दच उरत नाही.

आणि आपल्या भागात बंदूक यायचीच होती. 1980 मध्ये गोदावरीपलीकडून नक्षलवाद्यांची पहिली दलमं सिरोंचा-अहेरीच्या जंगलात आली. त्याच वर्षी मोयाबीनपेठ्याला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मेला. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. सुरुवातीला दलमने गावाला जे बोलून दाखवलं ते लोकांना पटलं, हे मान्य करायला हवं. तेंदूपत्त्याची मजुरी, गार्डची कोंबडी, ठेकेदाराची दादागिरी, हे प्रश्न खोटे नव्हते. काही गार्डांची कोंबडी बंदही झाली. पण मग दलमला जेवण लागू लागलं. संध्याकाळी दहा-पंधरा माणसं येणार, घरटी इतका भात, नाही म्हणायची सोय नाही. साहेबाच्या कॅम्पला निदान दिवसाउजेडी रसद जायची, इथे अंधारात जाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी पोलीस. काल कोण आलं होतं? कोणी जेवू घातलं? भारतीय दंड संहितेत कलम 52-अ होतं. त्यात गुन्हेगाराला 'आसरा देणे' म्हणजे काय याची व्याख्या आहे: निवारा, अन्न, पाणी, पैसा, कपडे, हत्यारं, दारूगोळा. एका ओळीत. कायद्याच्या दृष्टीने भाताचं ताट आणि काडतुसांची पेटी शेजारीशेजारी बसलेली. टाडा लागू होता त्या वर्षांत गडचिरोलीत नक्षलवाद्यांना मदत केल्याच्या, जेवण-आसरा दिल्याच्या संशयावरून धरलेल्यांत साधे शेतकरी होते, काहींना नीट मराठीही येत नव्हतं. आणि पोलिसांना पाणी दिलं, दोन शब्द बोललं, तर खबऱ्या म्हणून दलम गळा चिरणार. ज्या समाजात दारात आलेल्याला पाणी देणं हा प्रश्नच नव्हता, तिथे चाळीस वर्षं तांब्याभर पाणी देताना माणूस दोनदा विचार करू लागला. किती लोक मेले त्याचे आकडे निघतात. हे जे गेलं त्याचा आकडा निघत नाही.

सरकारने 2003 मध्ये गावबंदी योजना आणली. नक्षलवाद्यांना गावबंदी करा, ठराव करा, विकासाला पैसे घ्या. अलीकडच्या वर्षांत भामरागड तालुक्यातल्या गावांनीही असे ठराव केले: त्यांना जेवण-रेशन देणार नाही, त्यांच्या बैठकांना जाणार नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपतीने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. त्या ठरावांच्या बातम्या वाचताना मी 'जेवण देणार नाही' या तीन शब्दांवर थांबलो होतो. कोण्या गावाला जेवण न देण्याचा ठराव लिहून द्यावा लागतो, त्या गावाने काय काय बघितलं असेल.

पण 'नाही' म्हणण्याचा एक दुसरा, जास्त सुंदर प्रसंग याच जिल्ह्यात घडला आहे, आणि तो गोटूलावरूनच घडला.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना मेंढा (लेखा) लागतं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्हाला माहीत आहेत. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणाही माहीत आहे. तिच्या मुळाशी काय होतं ते मात्र फार जणांना माहीत नसतं. 1980 च्या दशकात, इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं, त्यातून आपली जुनी रीत, आपली सत्ता असा विचार या गावांमध्ये सुरू झाला. मेंढ्याने ठरवलं की मोडकळीला आलेलं गोटूल पुन्हा बांधायचं. त्यासाठी जंगलातून सागवान आणलं. वनविभागाच्या लेखी ही चोरी. विभागाने बंदोबस्तासह येऊन ते उभं केलेलं गोटूल उतरवलं आणि लाकूड नेलं. मग आसपासच्या गावांची बैठक बसली. एका मेंढ्याचं गोटूल पाडता ना, आता आम्ही सगळेच बांधतो. आणि गावागावात गोटुलं उभी राहिली. मेंढ्याचंही पुन्हा उभं राहिलं. मग विभागाने हात लावला नाही.

ही पाहुण्यांची खोली होती, बैठकीची जागा होती, न्यायासन होतं. गाव तिच्यासाठी भांडलं आणि तिथूनच पुढचं सगळं सुरू झालं. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. 2013 मध्ये गाव ग्रामदानी झालं. आणि जाता जाता: 2023 च्या मार्चमध्ये आपल्या जंगलांतलं सागवान बल्लारपूरहून मिरवणुकीने अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं, आपण सगळे अभिमानाने फोटो काढत होतो. त्याच जातीच्या लाकडाचे चार खांब स्वतःच्या गोटूलाला लावले म्हणून एका गावावर फौज गेली होती. हेही तेवढ्याच अभिमानाने आठवलं पाहिजे.

मेंढ्यात गोटूल उभं आहे, पाहुणे जगभरातून येतात. पण बाहेरचा कोणीही असो, संशोधक, संस्था की सरकार, गावात काम करायचं तर ग्रामसभेला विचारायचं. जुन्या गोटूलाची विचारपूस, तीच आता ठरावाच्या भाषेत.

आता परत त्या पोरांच्या प्रश्नाकडे. ताडोब्याकडे बघा. 1955 साली राष्ट्रीय उद्यान, 1995 साली व्याघ्र प्रकल्प, मोहर्ली आणि कोलाऱ्याच्या गेटांवर रिसॉर्टच्या रांगा. ज्या गावांची जनावरं वाघ नेतो त्या गावांतली पोरं जिप्सी चालवतात, गाइड होतात, रिसॉर्टात खोल्या झाडतात, आणि थोड्यांनी स्वतःच्या घरात दोन खोल्या काढून होमस्टे केले आहेत. निवास-न्याहारी योजना आहे. होमस्टेवाल्याने दोन हजार मागितले की लोक म्हणतात, "अरे, गावाकडचे असून पैसे घेता?" घेतील की. सहा पिढ्या रसद दिली, आता बिल देताहेत. मला त्या बिलात काही कमीपणा दिसत नाही. दर भिंतीवर लिहिलेला असतो, पाहुण्याला परवडला तर तो थांबतो, घरवाल्याला पाहुणा पटला नाही तर खोली रिकामी नाही असं सांगता येतं. तेही एक 'नाही'च आहे.

भामरागड-एटापल्लीत हे अजून व्हायचंय. तिकडे सुरजागडचे ट्रक पोहोचले, मोबाइलचे टॉवर पोहोचले, आता पर्यटक पोहोचतील. बंदूक मागे सरली तशी मोकळी झालेली जागा कोण घेणार, हे येत्या पाच-दहा वर्षांत ठरेल. बाहेरचा कोणी जमीन घेऊन 'गोटूल स्टे' नावाचा रिसॉर्ट बांधेल आणि त्यात गावची पोरं पिसं लावून नाचवेल, हे मला डोळ्यांपुढे दिसतं. गोटूलाच्या नावाखाली सरकारी निधीतून सिमेंटची समाजमंदिरं बांधून त्यांना कुलूप लावणं, चावी सचिवाकडे, हाही एक मार्ग आहे आणि तो आपण बऱ्याच गावांत बघितला आहे. पेसा कायदा 1996 पासून आहे, वनहक्क कायदा 2006 पासून आहे. पर्यटन कसं यावं, कुठपर्यंत यावं, रात्रीचा दर काय, फोटो कुठे काढायचा नाही, हे ठरवायला ग्रामसभेला नवा अधिकार मागायची गरज नाही. आहे तो वापरावा लागेल, आणि तो वापरताना चुलीपुढच्या बाईला बैठकीत बसवावं लागेल, कारण पाहुण्यामागे किती तांदूळ लागतो ते तिलाच माहीत असतं.

तोवर ज्यांना जायचंय त्यांनी जावं. दिवसा पोहोचा, गायता किंवा भूमिया कुठे बसतात ते विचारा, आधी जोहार घाला आणि मग राहायचं विचारा. तांदूळ, डाळ, तेल, मीठ बरोबर न्या आणि निघताना नाही, पोहोचल्यावरच द्या, म्हणजे त्या रात्रीच्या भाताला उपयोगी पडेल. मोहाची मागू नका. घरात, विशेषतः बायकांच्या जागेत, बोलावल्याशिवाय जाऊ नका. आणि गाव 'आज नको' म्हणालं तर वाद न घालता भामरागडला लॉजवर परत या.

आता माझी एक मागणी. साहेबाच्या कॅम्पची रसद ज्यांनी स्वतः पोहोचवली अशी पिढी गेली, पण त्यांच्याकडून ऐकलेले लोक अजून आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या घरी कोतवालकी होती, कोणाचे आजोबा बिगारीला गेले होते, कोणाच्या गावच्या गोटूलात कोण कोण मुक्कामाला राहून गेलं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि इथे लिहा. गावाचं नाव लिहा, साल आठवत नसेल तर 'मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी' असं लिहिलंत तरी चालेल. दलमच्या वर्षांबद्दल लिहिताना मात्र कोणाचं नाव घेऊ नका.